जुन्या मोटारींचा वंगण-पंप : दोष कोठे शोधावा आणि कसा दूर करावा

आमच्या लहानपणी गावातील प्रत्येक बैलगाडीच्या साटीखाली वंगणाची एक नळी टांगलेली असे. चाक करकरू लागले की गाडीवान गाडी थांबवी, कुणी काढून चाक थोडे बाहेर ओढी, आसावर काळे वंगण फासी आणि पुन्हा बैलांना हाक देई. ती करकर कानाला नकोशी वाटे खरी. परंतु लाकूड आणि लोखंड यांची ती वेळेवर केलेली तक्रार होती. मोटारीच्या इंजिनाला अशी तक्रार करता येत नाही. त्याच्या आत तेल पोहोचेनासे झाले, तरी काही काळ ते नेहमीसारखेच चालत राहते. आणि जेव्हा त्याचा आवाज ऐकू येतो, तेव्हा नुकसान होऊन चुकलेले असते.

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने 'आपापल्या कामाविषयी सर्वांस समजेल असे काही लिहावे' असे कळविले. मी गेली अनेक वर्षे जुन्या मोटारी दुरुस्त करतो. आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेले कितीतरी जण एस. टी.च्या आगारांत, ट्रॅक्टरच्या दुकानांत आणि कारखान्यांत यंत्रांशी झुंजत आहेत. त्यांना या लेखातील काही गोष्टी ओळखीच्या वाटतील. इतरांनी केवळ कुतूहल म्हणून वाचावे. विषय एकच आहे : जुन्या मोटारीतील वंगणाचा पंप बिघडला, असे जेव्हा सर्वांना वाटते, तेव्हा खरोखर काय बिघडलेले असते?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पंपाच्या दाबामुळे क्रँकशाफ्ट उचलला जातो आणि तेलावर तरंगतो, असे पुष्कळांना वाटते. शिकाऊ असताना मलाही तसेच वाटे. वस्तुस्थिती निराळी आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर या अभियंत्याने रेल्वेच्या आसांसाठी बेअरिंगांवर प्रयोग केले. शाफ्टचा खालचा भाग तेलात बुडालेला आणि वर पितळी बेअरिंग, अशी त्याची मांडणी होती. वंगण घालण्यासाठी त्याने बेअरिंगला वरून एक छिद्र पाडले, तर तेल आत जाण्याऐवजी त्याच छिद्रातून वर येऊ लागले. त्याने बुचाने छिद्र बंद केले. बूच बाहेर फेकले गेले. लाकडी खुंटी ठोकली. तीही निघून आली. शेवटी त्याने तेथे दाबमापक बसविला, तेव्हा बेअरिंगवरील सरासरी भाराच्या दुपटीहून अधिक दाब त्या छिद्रापाशी असल्याचे दिसून आले. तेथे कोणताही पंप नव्हता. फिरणारा शाफ्ट स्वतःच तेलाला ओढून अरुंद होत जाणाऱ्या फटीत नेत होता आणि त्या पाचरीसारख्या थरावर स्वतःच उचलला जात होता. याचे गणित तीन वर्षांनी, १८८६ साली, ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी मांडले.

केसाहूनही पातळ असा हा थर जोपर्यंत शाबूत आहे, तोपर्यंत धातू धातूला शिवत नाही. पंपाचे काम या थरातून कडेने गळून जाणाऱ्या तेलाची भरपाई करीत राहणे आणि जाता जाता उष्णता वाहून नेणे, एवढेच. म्हणून दाब थोडा कमी असला तर लगेच घाबरण्याचे कारण नसते. प्रवाह थांबला तर मात्र काही मिनिटांचाच अवधी असतो. दुरुस्ती करणाऱ्याने हा भेद मनात पक्का ठेवावा.

अगदी आरंभीच्या मोटारींत पंपही नसे. चालकासमोर काचेचे लहान तेलपात्र असे आणि त्यातून थेंब थेंब तेल इंजिनात उतरे. मिनिटाला किती थेंब पडतात, हे चालकाने मोजून स्क्रू फिरवायचा. द दियाँ-बुताँ या फ्रेंच गाडीत हाताने दाबायचा पंप होता. ठरावीक अंतर कापले की चालकाने एक दट्ट्या मारायचा. तेल एकदा आत गेले की ते परत येत नसे. काही जळे, काही रस्त्यावर सांडे. विसराळू चालक आणि खर्चिक तेल, अशी ती जोडी होती. वाफेच्या वेगवान इंजिनांसाठी दाबाने वंगण पुरविण्याचे एकस्व बर्मिंगहॅमच्या अल्बर्ट पेन यांनी १८९० साली घेतले होते. तीच कल्पना पुढे महागड्या मोटारींत आली. रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर घोस्टमध्ये क्रँकशाफ्टला पंपाने तेल पुरविले जाई. सामान्यांच्या गाड्यांनी मात्र बराच काळ निराळा मार्ग धरला.

त्यांतील सर्वांत प्रसिद्ध गाडी म्हणजे फोर्डची मॉडेल टी. १९०८ ते १९२७ या काळात तिची सुमारे दीड कोटी इंजिने लोकांच्या हाती गेली, आणि त्यांपैकी एकातही वंगण-पंप नव्हता! इंजिनाच्या मागील बाजूस फिरणारे जड फ्लायव्हील खालचे तेल उडवी. त्यातील काही एका छोट्या नाळक्यासारख्या तोंडात पडे आणि बारीक नळीतून उताराने पुढच्या टोकापर्यंत वाहत जाई. परत येताना ते कनेक्टिंग रॉडांखालच्या खोलगट भागांत भरे आणि रॉड त्यात बुडून ते चोहीकडे शिंपडत. याहून साधी व्यवस्था कल्पिता येणार नाही. परंतु त्या गाडीच्या गिअरपेटीतील पट्ट्यांवर सुती कापड असे. ते झिजले की त्याचे तंतू तेलात मिसळत आणि त्या बारीक नळीत बोळा होऊन बसत. मग मागचा भाग तेलाने न्हालेला आणि पुढचा कोरडा. पहिल्या सिलिंडरचा रॉड जळाला, की जाणकार मिस्त्री बेअरिंग बदलण्यापूर्वी ती नळी फुंकून पाही. न पाहणाऱ्याकडे तीच गाडी महिन्याभरात परत येई. लांब चढावर, तेल मागे साचते त्या वेळी, हा दोष अधिकच उग्र होत असे.

तेलाची पातळी पाहण्यासाठी या गाडीला खालच्या अंगाला दोन छोट्या तोट्या होत्या. वरचीतून तेल येऊ नये आणि खालचीतून यावे, एवढाच नियम. त्यासाठी चालकाला गाडीखाली सरपटत जावे लागे. आणि सरपटणे कोणास आवडते? पुष्कळ इंजिने या आळसापायी गेली.

डिसेंबर १९२७ मध्ये आलेल्या मॉडेल ए गाडीत फोर्डने पंप बसविला. आपल्याकडे या गाड्यांचा संबंध जवळचा आहे. फोर्डने १९२६ साली भारतात आपली कंपनी काढली आणि मुंबईत सुट्या भागांची जुळणी होऊ लागली. १९२८ साली शिवडीला जनरल मोटर्सचाही कारखाना सुरू झाला. त्या काळातील काही गाड्या आजही महाराष्ट्रात जिवंत आहेत आणि त्यांपैकी काही माझ्या हाताखालून गेल्या आहेत. म्हणून पुढील विवेचन मॉडेल ए डोळ्यांसमोर ठेवून करतो.

या गाडीचा पंप म्हणजे एका पोकळ घरात एकमेकांत अडकून फिरणारे दोन लहान दातेरी गिअर. दातांमधल्या खाचांत तेल भरते, घराच्या भिंतीलगत फिरून दुसऱ्या बाजूला जाते. मधून परत येण्यास त्याला वाट नसते, कारण तेथे दात दातांत बसलेले असतात. पंप इंजिनाच्या तळाशी, चेंबरमधील तेलातच उभा असतो. त्याच्या तोंडाला तारेची बारीक जाळी असते. त्याला फिरविणारा गिअर कॅमशाफ्टवरून चालतो, आणि त्याच गिअरवरून ठिणगीचे वाटप करणारा डिस्ट्रिब्युटरही फिरतो. म्हणजे हा गिअर तुटला तर इंजिन स्वतःच बंद पडते. रचना करणाऱ्याने हे मुद्दाम केले की सोयीसाठी, ते मला ठाऊक नाही. पण या योजनेने कितीतरी क्रँकशाफ्ट वाचले असतील.

पंप तेल वर चढवितो ते इंजिनाच्या कुशीतील व्हॉल्व्हच्या कप्प्यात. तेथून पुढे पंपाचा संबंध संपतो. कप्प्याच्या तळाशी असलेल्या छिद्रांतून ते केवळ स्वतःच्या वजनाने क्रँकशाफ्टच्या तीन मुख्य बेअरिंगांवर उतरते. जास्तीचे तेल एका बाहेरच्या नळीने खाली येऊन तबकात साचते आणि रॉडांचे चमचे ते उडवितात. दाब जवळजवळ नाहीच, म्हणून दाबमापकही दिलेला नाही. चालकासमोर विजेचा, वेगाचा आणि पेट्रोलचा काटा आहे, तेलाचा नाही. त्याच काळातील छोट्या ऑस्टिन सेव्हनमध्ये निदान एक बटण होते. तेल चढले की ते फळीतून बाहेर डोकावे. मॉडेल एच्या चालकाला तेवढाही दिलासा नव्हता.

आता तपासणी. सर्वप्रथम पट्टी काढून तेलाची पातळी पाहावी. ही गोष्ट सांगण्याजोगी नाही असे वाटेल. परंतु पंपाचा दोष म्हणून आलेल्या गाड्यांत तेलच कमी असल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. तेल बोटांत चोळून पाहावे : कण लागतात का, पेट्रोलचा वास येतो का, दुधट रंग आहे का. दुधट असेल तर पाणी मिसळले आहे, आणि मग पंपाआधी हेडच्या गॅसकेटकडे वळावे. त्यानंतर इंजिन मंद चालवून ती बाहेरची परतनळी वरच्या टोकाला किंचित सैल करावी. तेल आले तर पंप निर्दोष आहे. नाही आले तर व्हॉल्व्हच्या कप्प्याचे झाकण काढून, ठिणगी बंद ठेवून, केवळ स्टार्टरने इंजिन फिरवीत पाहावे.

कप्पा कोरडाच राहिला, तरच चेंबर उतरवावे. उतरविताना एक हात पंपाखाली धरावा, कारण या गाडीत चेंबरच त्याला खालून स्प्रिंगने टेकू देत असते. चेंबर गेले की पंप आपणहून खाली येतो आणि निष्काळजी माणसाच्या पायावर पडतो. बहुतेक वेळा अपराधी म्हणजे जाळी असते. तिच्यावर काळ्या शेवाळासारखा गाळ चढलेला आढळतो. रॉकेलमध्ये मऊ ब्रशने ती धुवावी. तारेचा ब्रश लावू नये. जाळी फाटली असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता नवी घालावी. फाटक्या जाळीतून गेलेला एक छर्रा दोन्ही गिअरांचे दात खाऊन टाकतो.

गिअर झिजले आहेत का, हे पाहण्यासाठी पंपाच्या तोंडावर सरळ पट्टी आडवी ठेवून गिअर आणि पट्टी यांतील फट फीलर गेजने मोजावी. तीन-चार हजारांश इंचापर्यंत ठीक. त्यापलीकडे तेल पुढे जाण्याऐवजी बाजूने मागे सरकू लागते. बहुधा गिअरांपेक्षा झाकणाची पत्रीच अधिक झिजलेली असते आणि तिच्यावर दोन वर्तुळे उमटलेली दिसतात. काचेच्या जाड तुकड्यावर बारीक एमरी पेपर तेल लावून पसरावा आणि झाकण त्यावर आठाच्या आकड्यासारखे फिरवीत वर्तुळे मिटेपर्यंत घासावे. एका दुपारचे हे काम आहे. नवा पंप मागविण्याची घाई करणाऱ्या मालकांना मी प्रथम हेच करून दाखवितो. घासलेली धूळ मात्र शेवटच्या कणापर्यंत धुवून काढली पाहिजे.

येथपर्यंत सारे सोपे आहे. माझी चूक याच्या पुढे झाली.

मुंबईत एका गॅरेजात मी शिकाऊ होतो. एक मॉडेल ए आली. वर्षानुवर्षे उभी राहिलेली. मालकाने नव्या हौसेने तिच्यात आधुनिक तेल भरले होते. आधुनिक तेलात मळ सोडविणारी द्रव्ये असतात. स्वच्छ इंजिनात ती उपकारक असतात. परंतु ज्या इंजिनाच्या भिंतींवर अर्धशतकाचा गाळ थिजलेला आहे, तेथे ती त्या गाळाला एकाएकी मोकळे करतात. अपेक्षेप्रमाणे जाळी पूर्ण बुजली होती. मी पंप उतरविला, धुतला, झाकण घासले, बसविला. इंजिन सुरू केले, कप्प्यात तेल कारंज्यासारखे चढलेले पाहिले आणि काम झाल्याचे जाहीर केले. मिस्त्री त्या दिवशी बाहेर होते. गाडी मालकाच्या स्वाधीन झाली.

रविवारी ती पुण्याकडे निघाली आणि खंडाळ्याच्या चढावर आतून ठोके देऊ लागली. रॉडचा आवाज टणत्कारी असतो. हा आवाज खोल आणि बोथट होता, जमिनीखाली कोणी मुसळ मारावे तसा. मधले मुख्य बेअरिंग गेले होते.

गाडी ओढून आणल्यावर मिस्त्रींनी चेंबर काढले, व्हॉल्व्हच्या कप्प्यात लोटाभर तेल ओतले आणि मला खाली बसविले. "बघ, कुठे कुठे ठिबकतंय ते." पुढच्या बेअरिंगमधून तेल ठिबकत होते, मागच्यातूनही. मधले कोरडे होते. सुटलेल्या गाळाचा हरभऱ्याएवढा गोळा त्या छिद्रात बसला होता. "पंप चालला म्हणजे तेल पोहोचलं, असं कोणी सांगितलं तुला?" एवढेच ते म्हणाले.

ही बेअरिंगे पांढऱ्या धातूची असतात. कथील, अँटिमनी आणि तांबे यांचा हा मऊ मिश्रधातू अमेरिकेच्या आयझॅक बॅबिट यांनी १८३९ साली पुढे आणला. सुमारे २४० अंश सेल्सिअसला तो वितळू लागतो. म्हणजे पोलादी शाफ्टला इजा होण्याआधी तो स्वतः वाहून जातो. हाच त्याचा गुण आणि हीच मालकाची विपत्ती. कारण मॉडेल एमध्ये हा धातू थेट इंजिनाच्या अंगातच ओतलेला असतो, दुकानातून आणून बसविता येत नाही. इंजिन बाहेर काढून, जुना धातू उतरवून, ब्लॉक तापवून, पळीने नवा धातू एका धारेत ओतावा लागतो; मग तिन्ही बेअरिंगे एका रेषेत कोरावी लागतात; शेवटी शाफ्टला निळा रंग लावून, जेथे रंग उमटेल तेवढेच हाताने खरवडावे लागते. हे ओतकाम जाणणारे कारागीर तेव्हाही थोडे होते. आज मला माहीत असलेले एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यांतील कोणाचाही मुलगा या कामात नाही. तीन आठवडे मी तो शाफ्ट खरवडत होतो. खर्च गॅरेजने सोसला; माझ्या पगारातून एक पैसाही कापला गेला नाही, आणि त्याचेच मला अधिक वाईट वाटले.

तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मॉडेल एचे चेंबर उतरले, की वरून तेल ओतून तिन्ही बेअरिंगांतून ते ठिबकताना मी स्वतः पाहतो. छिद्रांत मऊ तांब्याची तार फिरवितो, नंतर हवा मारतो. गाळ सर्वत्र धुऊन निघाला असेल तरच आधुनिक तेल भरू देतो.

ज्या गाड्यांत दाबमापक आहे आणि तेल शाफ्टच्या पोटातून नेले जाते, त्यांच्याविषयी थोडक्यात सांगतो. काटा खाली आला तर आधी दुसरा, भरवशाचा मापक जोडून पाहावा. पुष्कळदा काटाच खोटे बोलतो. मग दाब-नियंत्रक झडप उघडावी. गोळी आणि स्प्रिंग एवढाच तिचा संसार. गोळीखाली कचऱ्याचा कण अडकला तर सगळे तेल मागल्या दाराने चेंबरमध्ये परत जाते. गोळी बसण्याची जागा खरबरीत झाली असेल, तर पितळी दांड्याने गोळीवर एक हलका ठोका द्यावा. जागा पुन्हा गोल होते. काही जण स्प्रिंगखाली वायसर घालून काटा वर चढवितात. हे ताप उतरविण्याऐवजी तापमापी थंड पाण्यात बुडविण्यासारखे आहे. थंड असताना दाब चांगला आणि गरम झाल्यावर घसरणारा, असे असेल तर पंपाला दोष देऊ नये. बेअरिंगांच्या फटी वाढल्या आहेत आणि तेल तेथून लवकर निसटते आहे.

काही इंजिनांत पंप तेलाच्या पातळीहून वर बसविलेला असतो. अशा ठिकाणी एक निराळीच फसगत होते, आणि शेतकऱ्यांच्या मुलांना ती समजावून सांगावी लागत नाही. विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह गळका असला की रात्रीत पाणी उतरते आणि सकाळी पंपात बादलीने पाणी भरल्याशिवाय तो ओढत नाही. आपल्या वसतिगृहाच्या मागील जुन्या हातपंपाचे कातडी वायसर उन्हाळ्यात सुकत असे. पहाटे पाळी असलेला मुलगा आदल्या रात्रीच तांब्याभर पाणी राखून ठेवी आणि ते वरून ओतल्यावरच दांडा हापसू लागे. मोटारीच्या तेलपंपाचेही तसेच आहे. कोरडे गिअर हवेलाच घुसळत राहतात, तेल ओढत नाहीत. म्हणून दुरुस्त केलेला पंप बसविण्यापूर्वी त्याच्या घरात तेल भरावे. ओढनळीच्या जोडावर नवे गॅसकेट घालावे, कारण तेथून शिरणारी हवा बाहेर थेंबभरही गळती दाखवीत नाही. ठिणगीचे प्लग काढून, हँडलने इंजिन फिरवीत, काटा हलेपर्यंत थांबावे.

आणि मगच इंजिन सुरू करावे. पाच मिनिटांनी ते बंद करून पट्टी पुन्हा पाहावी. नळ्यांत आणि कप्प्यात भरले गेलेले तेल चेंबरमधून गेलेले असते, ते परत पुरे करावे. पहिल्या दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर तेल बदलावे आणि काढलेले तेल पांढऱ्या फडक्यातून गाळून, ते फडके उन्हात धरून पाहावे. चांदीसारखी पातळ चकाकी दिसली, तर गाडी मालकाला परत देऊ नये.